गावचा ठराव आणि घरचा उंबरठा : सातारा-सांगलीच्या अनुभवावरून एक चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

स्थानिक स्वराज्य संस्थांचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होत आला आहे. वरच्या सरकारने त्यांना पुरेसे अधिकार आणि पैसा दिला की नाही, हा एक प्रश्न; मिळालेल्या अधिकारांचा व पैशाचा त्यांनी सचोटीने विनियोग केला की नाही, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात स्थानिक संस्था वंचित म्हणून उभी राहते, दुसऱ्यात आरोपी म्हणून. तिसरा एक प्रश्न आहे, तो सहसा कोणी विचारीत नाही. नागरिकाने काय खावे, काय प्यावे, लग्नात किती खर्च करावा, स्वतःच्या घरात कोणत्या वेळी काय पाहावे, हे ठरविण्याचा अधिकार या संस्थांना आहे काय? असल्यास तो कोठवर पोचतो? आणि नसल्यास, असा अधिकार गाजविणारी संस्था लोकप्रिय का ठरते? प्रस्तुत लेखाचा विषय हा तिसरा प्रश्न आहे.

येथे ‘अधिकारातिक्रम’ हा शब्द दोन अर्थांनी वापरावा लागतो, आणि ते अर्थ वेगळे ठेवणे अगत्याचे आहे. नगरपालिका किंवा ग्रामपंचायत ही सार्वभौम सत्ता नव्हे. ती कायद्याची निर्मिती आहे. कायद्याने जेवढे दिले तेवढेच तिचे. त्याबाहेर तिने केलेला हुकूम कितीही सद्हेतूने केलेला असला तरी कायद्याच्या दृष्टीने निराधार होय. हा अधिकारातिक्रमाचा कायदेशीर अर्थ झाला. दुसरा अर्थ नैतिक आहे. एखादी गोष्ट करण्याची मुभा कायदा देत असूनही ती सत्तेने करू नये, कारण ती व्यक्तीच्या स्वतःच्या निवडीच्या कक्षेत येते, असे आपण म्हणतो तेव्हा हा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. आपल्या चर्चांत हे दोन अर्थ सतत एकमेकांत मिसळतात. कायदेशीर अतिक्रम सद्हेतूच्या नावाखाली खपून जातो, आणि नैतिक अतिक्रम ‘नियमात बसते’ एवढ्या उत्तराने झाकला जातो.

या प्रश्नासाठी सातारा व सांगली हे दोन जिल्हे निवडण्याचे कारण केवळ प्रादेशिक आपुलकीचे नाही. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत जुन्या सातारा जिल्ह्यातच मोडत होता. त्या वर्षी उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. या एकाच भूभागात गेल्या शंभर वर्षांत स्थानिक सत्तेची अनेक रूपे नांदली : संस्थानिकाची सत्ता, भूमिगत क्रांतिकारकांची सत्ता, आणि प्रौढ मतदानाने निवडलेल्या पंचायती व नगरपालिका. या साऱ्यांनी लोकांच्या खाजगी आचरणाला हात घातला आहे. विशेष म्हणजे त्यांतील बहुतेक प्रयत्नांचा आपल्याला आज अभिमान वाटतो. हा अभिमान हीच या विषयाच्या अभ्यासातील खरी अडचण आहे. दुष्ट हेतूने केलेला हस्तक्षेप ओळखणे सोपे असते. ज्या हस्तक्षेपाचे आपण कौतुक करतो त्याची चिकित्सा करणे कठीण असते.

२. औंध : सक्ती आणि अधिकारत्याग

औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे निष्ठावंत प्रचारक होते. स्वतः ते नित्यनेमाने नमस्कार घालीत, त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले, आणि संस्थानातील शाळांत नमस्कार सक्तीचे केले. राजाने प्रजेच्या शरीराची अशी काळजी वाहणे हे तत्कालीन संस्थानी कल्पनेत अगदी बसणारे होते. प्रजा ही लेकरे आणि राजा हा पिता, ही ती कल्पना. पित्याने मुलांना पहाटे उठवून व्यायामाला लावावे यात कोणाला आक्षेप दिसत नव्हता.

परंतु याच भवानरावांनी जानेवारी १९३९ मध्ये संस्थानाला नवी राज्यघटना देऊन आपले अधिकार ग्रामपंचायतींच्या पायावर उभ्या असलेल्या लोकनियुक्त व्यवस्थेच्या स्वाधीन केले. या घटनेच्या सिद्धतेत महात्मा गांधींचे मार्गदर्शन होते, आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात मोठा वाटा होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची भिंतीविना वसाहत उभी राहिली ती याच राजवटीत. १९५७ साली प्रदर्शित झालेल्या ‘दो आंखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा तेथली होय.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे एक विसंगती नजरेस येते. शाळकरी मुलाला नमस्कार टाळण्याची मुभा नव्हती. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला मात्र पळून जाण्याची वाट मोकळी ठेवली होती. तरीही दुसऱ्या प्रयोगातच माणसावर अधिक विश्वास टाकलेला आहे, आणि औंधचे नाव आज राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना आठवते ते सक्तीमुळे नव्हे, या विश्वासामुळे. सत्ताधीश चांगला असेल तर त्याच्या सक्तीला दोष का द्यावा, असे म्हणणाऱ्याने औंधच्या राजाकडेच पाहावे. स्वतःच्या चांगुलपणावर राज्य चालू नये, हे त्या राजालाच उमगले होते.

३. प्रतिसरकार : संमतीची मर्यादा

औंध संस्थानातील कुंडल हे गाव पुढे प्रतिसरकारच्या हालचालींचे एक केंद्र झाले. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली, जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी, किसन वीर आदी कार्यकर्त्यांच्या बळावर सातारा जिल्ह्याच्या शेकडो गावांत इंग्रजी अंमलाला समांतर अशी व्यवस्था चालली. शेणोली येथे रेल्वेवर आणि धुळे येथे सरकारी खजिन्यावर घातलेले छापे प्रसिद्धच आहेत; परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या सरकारचे दैनंदिन शासन अधिक महत्त्वाचे आहे. न्यायदान मंडळांनी जमिनीचे व कर्जाचे तंटे मिटविले, गुंडांचा बंदोबस्त केला. त्याचबरोबर दारूबंदी अमलात आणली, खर्चिक विवाहांऐवजी साध्या ‘गांधी विवाहां’चा आग्रह धरला, बायकोला टाकून देणाऱ्यास जाब विचारला. जबर शारीरिक शिक्षाही दिल्या गेल्या. ‘पत्री सरकार’ हे लोकांच्या तोंडी बसलेले नाव या शिक्षांच्याच धाकातून आले.

येथे दोन प्रकारच्या कृती एकत्र आल्या आहेत. सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळवून देणे हा न्याय होय. तेथे एकाने दुसऱ्याचे नुकसान केलेले असते. लग्नात किती पंगती उठाव्यात हे ठरविणे हा मात्र आचरणाचा नियम होय. लोकांनी तो का मानला? धाकामुळे, हे उत्तर अपुरे आहे. कर्ज काढून केलेले लग्न म्हणजे सावकाराच्या दारातील पहिली पायरी, हे शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक होते. नियम घालणारे लोक त्याच्याच भावकीतले होते, त्याच्याच घरी लपत होते, त्याच्याच भाकरीवर जगत होते. त्यांची सत्ता दररोजच्या आश्रयावर उभी होती, आणि आश्रय नाकारला की ती त्याच रात्री संपणार होती. हेच त्या सत्तेवरचे खरे नियंत्रण होते.

म्हणूनच प्रतिसरकारचा दाखला देऊन आजच्या ग्रामपंचायतीने किंवा पालिकेने तशीच शिस्त लावावी असे म्हणणे शास्त्रशुद्ध नव्हे. आजच्या संस्थेपाशी कर आहेत, दाखले आहेत, नळजोडणी आहे, घरकुलाची यादी आहे, आणि मागे राज्याचे पोलीस आहेत. नागरिकाला तिचा आश्रय लागतो, तिला नागरिकाचा लागत नाही. संबंधाची दिशा उलटली की तोच नियम वेगळा होतो. स्वातंत्र्यानंतर दारूबंदी १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने आली; १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात काही तरतुदी रद्द ठरवून त्या कायद्याचा गाभा वैध मानला. कायद्याचे बळ लाभूनही त्या बंदीला चळवळीच्या बंदीची नैतिक प्रतिष्ठा लाभली नाही. हातभट्टी आणि परवाना या दोन शब्दांनीच तिचा पुढील इतिहास सांगता येईल.

४. वडगावचा भोंगा

आता अलीकडच्या काळाकडे वळू. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. टाळेबंदीच्या काळात मुलांचे शिक्षण मोबाइलवर आले, आणि शाळा उघडल्यावरही मोबाइल मुलांच्या हातून सुटेना, अशी तक्रार तेथे वाढली. २०२२ साली गावाने असे ठरविले की रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजावा, आणि त्यानंतर दीड तास घरोघर दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद राहावेत. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. कल्पना प्रथम निघाली तेव्हा पुरुषांनी तिची थट्टा केली. १४ ऑगस्टला स्त्रियांची सभा भरली, तिने पाठिंबा दिला, आणि मग निर्णय पक्का झाला. आरंभी पंचायतीचे कर्मचारी व गावकऱ्यांचे गट घरोघर फिरून लोकांना आठवण देत. प्रयोगाची वार्ता देशाबाहेरच्या वृत्तसंस्थांपर्यंत पोचली आणि सर्वत्र तिचे कौतुक झाले.

या प्रयोगाकडे दोन टोकांच्या दृष्टींनी पाहिले जाते. एक दृष्टी म्हणते, गावाने एकत्र येऊन मुलांचे हित साधले. यात सत्तेचा प्रश्नच कोठे येतो? दुसरी म्हणते, घरात बसून मी काय पाहावे हे पंचायतीने सांगणे हीच मुळात गुलामगिरी आहे. माझ्या मते दोन्ही दृष्टी घाईच्या आहेत. दोन्हींनी भोंगा आणि घरभेट यांत फरक केलेला नाही.

भोंगा हा संकेत आहे. तो सार्वजनिक जागी वाजतो, सर्वांना सारखा ऐकू येतो, आणि ऐकून न ऐकल्यासारखे करणाऱ्याचे नाव कोणाला कळत नाही. देवळातली घंटा, मशिदीतली बांग, कारखान्याची शिटी यांचीच ही जात आहे. त्यात सामूहिक संयमाला मदत करण्याचा एक खरा गुणही आहे. एका घरातील आईने संच बंद केला आणि शेजारी तो चालू राहिला, तर तिचे मूल शेजारी जाऊन बसते. सर्वांनी एकदम बंद केला तरच तिचा निर्णय टिकतो. म्हणजे येथे सामूहिक नियम व्यक्तीच्या निवडीला मारीत नाही, तिला शक्य करतो. ‘निवड एकट्याची, म्हणून नियम नको’ असे म्हणणाऱ्यांनी या मुद्द्याचे उत्तर दिले पाहिजे.

घरभेट ही मात्र वेगळी वस्तू आहे. दारात उभा राहिलेला माणूस काही वेळा पंचायतीचा कर्मचारी असतो, काही वेळा भावकीतला वडीलधारा असतो. तो आत डोकावतो, आणि जे दिसेल ते लक्षात ठेवतो. त्याने एक शब्दही कठोर बोलू नये, तरी पाहिले गेल्याची जाणीव मागे उरते. तीन हजारांच्या गावात या जाणिवेला दंडाची जोड लागत नाही. वडगावात दंड नव्हता ही गोष्ट स्तुत्य आहे. परंतु असे प्रयोग अनुकरणाने पसरतात आणि पसरताना कठोर होतात, हा धोका लक्षात ठेवावा लागतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आईबहिणीवरून शिव्या देणाऱ्यास पाचशे रुपये दंड ठरविला. स्त्रीच्या देहाचा अपमान करणारी भाषा थांबावी, या हेतूशी असहमत कोण होईल? परंतु दंड ही शिक्षा आहे, आणि शिक्षेला कायद्याचा आधार लागतो. तो आधार कोणता, हे विचारणारा माणूस शिव्यांचा कैवारी ठरतो, आणि म्हणून तो प्रश्न कोणी विचारीत नाही. कायदेशीर अतिक्रम सद्हेतूत कसा विरून जातो याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

५. शहरातील आदेश

गावात नियम करणारे आणि पाळणारे एकमेकांच्या ओळखीचे असतात. शहरात ही ओळख नसते, आणि तेथे प्रश्नाचे रूप पालटते. हे पाहण्यासाठी सातारा-सांगलीबाहेरचे एक उदाहरण घ्यावे लागते. तथापि ते परके नव्हे, कारण १९९८ साली स्थापन झालेली सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका ज्या १९४९ च्या अधिनियमाखाली चालते, त्याच अधिनियमाखालील संस्थेचे ते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने १५ ऑगस्टला चोवीस तास खाटीकखाने व मांसविक्रीची दुकाने बंद ठेवण्याचा आदेश काढला. नागपूर, मालेगाव आदी महापालिकांचे असेच आदेश त्या सुमारास गाजले. टीका झाली तेव्हा प्रशासनाने १९८८ सालच्या ठरावाकडे बोट दाखविले. राज्याच्या मंत्रिमंडळातूनही या बंदीवर जाहीर आक्षेप घेतला गेला.

खाटीकखान्यांचे नियमन हा पालिकेचा रास्त अधिकार आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत तो विषय नमूद आहे, आणि त्यामागील हेतू आरोग्याचा आहे : जनावर निरोगी असावे, जागा स्वच्छ असावी, सांडपाणी नदीत जाऊ नये. परंतु स्वातंत्र्यदिनी मांस न विकल्याने कोणाचे आरोग्य सुधारते, हे कोणी सांगितलेले नाही. आरोग्यासाठी दिलेला अधिकार येथे संस्कारासाठी वापरला गेला आहे. आदेश दुकानदारावर आहे, ग्राहकावर नाही, असा युक्तिवाद होतो. पण दुकान बंद झाल्यावर ग्राहकाच्या ताटाचा निर्णय आपोआप होतो. शिवाय हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या घरी शीतकपाट आहे तो आदल्या दिवशी आणून ठेवतो; रोजच्या कमाईवर जगणारा खाटीक आणि रोजची खरेदी करणारे कुटुंब यांनाच तो दिवस जाणवतो.

न्यायालयांची भूमिकाही याबाबत एकसुरी नाही. अहमदाबादेत पर्युषणकाळी खाटीकखाने बंद ठेवण्याच्या ठरावावर २००८ साली निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने, माणसाने काय खावे ही त्याची खाजगी बाब असून ती खाजगीपणाच्या हक्कात येते, असे मान्य केले. आणि तरीही बंदी थोड्या दिवसांची असल्यामुळे वाजवी आहे असे म्हणून ठराव कायम ठेवला. मुंबईत सप्टेंबर २०१५ मध्ये एका दिवसाच्या मांसविक्रीबंदीला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मे २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने, परराज्यांतून आणलेले गोमांस जवळ बाळगणे गुन्हा ठरविणारी तरतूद रद्द करताना खाजगीपणाचा आधार घेतला. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे निर्विवादपणे सांगितले. २००८ च्या निर्णयातील ‘थोडे दिवस’ हा आधार तर्काला पटणारा नाही. हक्क थोड्या दिवसांसाठी मोडला तर तो मोडला नाही असे होत नाही; फक्त त्याची इजा लहान ठरते. आणि अशा लहान इजांनीच पालिकेच्या हाताला सवय लागते.

या प्रकरणातील सर्वांत बोलकी बाब म्हणजे १९८८ चा ठराव. ज्यांनी तो केला त्यांपैकी किती जणांना तो आठवत असेल? ज्यांच्यावर तो २०२५ साली लागू झाला त्यांपैकी अनेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. वडगावच्या भोंग्याला निदान त्याच गावातील, त्याच पिढीच्या स्त्रियांची संमती होती. येथे संमती दप्तरात पडून होती आणि आदेश तेवढा ताजा होता.

६. निवड कोणाची?

आतापर्यंतच्या विवेचनात ‘व्यक्तीची निवड’ हा शब्दप्रयोग मी निःशंकपणे वापरला. तो तपासून घेतला पाहिजे. अन्यथा ही चिकित्सा एकांगी ठरेल.

कराडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी मिल व स्पेन्सर यांच्या विचारातून व्यक्तिस्वातंत्र्याचे तत्त्व आत्मसात केले होते. ‘स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत’ असा निबंध लिहिणारा हा लेखक पोशाखासारख्या खाजगी बाबीवरही मत देत होता. पण मत देणे आणि हुकूम देणे यांतील भेद तो जाणत होता. तरीही १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वादात टिळकांनी सरकारी हस्तक्षेपाला विरोध केला तेव्हा आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. यात विसंगती नाही. घर ही समान व्यक्तींची संस्था नाही, हे त्यांनी ओळखले होते. घराच्या आत एक सत्ता आधीपासूनच नांदत असते, आणि बाहेरची सत्ता उंबरठ्याशी थांबली म्हणजे आतली बालिका स्वतंत्र होत नाही. ती आतल्या सत्तेच्या स्वाधीन होते.

हा विचार आजही तितकाच लागू आहे. दारू पिणे ही पुरुषाची खाजगी निवड असे आपण म्हणतो तेव्हा त्या निवडीचा खर्च ज्या बाईच्या मजुरीतून भागतो तिची निवड आपण मोजीत नाही. वडगावातील पुरुषांनी भोंग्याची थट्टा केली आणि स्त्रियांनी तो आणला, ही घटना अपघाती नव्हे. तेव्हा स्थानिक सत्तेच्या अतिक्रमाविरुद्ध बोलताना आपण कोणत्या रहिवाशाच्या वतीने बोलत आहोत, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. घरातील कर्त्या पुरुषाचे स्वातंत्र्य म्हणजेच घराचे स्वातंत्र्य, असे गृहीत धरणारी उदारमतवादी टीका आगरकरांच्या मागे राहिलेली टीका होय.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर पंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. वरवर पाहता हा ठराव मृत्यूनंतरच्या अत्यंत खाजगी विधीत शिरतो. परंतु तो विधवेला काही करावयास सांगत नाही. इतरांनी तिच्यावर करावयाची सक्ती तो अडवितो. तिच्या हातातील बांगड्या ठेवायच्या की काढायच्या, हा निर्णय तो तिच्याकडे परत देतो. येथे हस्तक्षेपाने निवड वाढली आहे.

मात्र याच तर्काचा दुरुपयोगही तितकाच सोपा आहे. प्रत्येक अतिक्रम दुर्बलाच्या नावाने समर्थिता येतो : मुलांसाठी, स्त्रियांसाठी, संस्कृतीसाठी. दुर्बलाचे नाव घेतले म्हणजे दुर्बलाची संमती मिळाली, असे होत नाही. या दृष्टीने दारूच्या दुकानांबाबतची मतदानाची व्यवस्था विशेष अभ्यासनीय आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००८ सालच्या आदेशानुसार गावातील महिला मतदारांपैकी पंचवीस टक्क्यांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेता येते, आणि एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते पडल्यास दुकान बंद होते. ‘आडवी बाटली’ या खुणेने ही व्यवस्था घरोघर पोचली. तिच्यातील बारकावे पाहावेत : बंधन दुकानावर आहे, पिणाऱ्याच्या घरावर नाही, ज्यांना झळ बसते त्यांनीच मत द्यावयाचे आहे, मत गुप्त असल्यामुळे नवऱ्याला किंवा भावकीला ते कळत नाही. हात वर करून झालेल्या ग्रामसभेच्या ठरावाला यांतील शेवटचा गुण नसतो.

७. तीन कसोट्या

वरील उदाहरणांवरून तीन कसोट्या सुचविता येतात. पहिली : बंधन कोणावर घातले आहे? सार्वजनिक सेवेवर, व्यवसायावर, की घरातील माणसावर? दुसरी : नकाराची किंमत काय? नियम न मानणाऱ्याला दंड, दाखल्याची अडवणूक, अथवा गावाची नजर सोसावी लागते काय? तिसरी : नियम मागे घेण्याची वाट त्याने बांधलेल्या लोकांच्या हाती आहे काय? सद्हेतू ही चौथी कसोटी मी मुद्दाम घातलेली नाही, कारण तिच्यात अनुत्तीर्ण होणारा ठराव आजवर कोणत्याही ठराववहीत लिहिला गेलेला नाही.

या कसोट्यांवर औंधची सक्ती दुसऱ्यात उणी ठरते. प्रतिसरकारचे आचारनियम पहिल्या दोन्हींत उणे ठरतात, परंतु आश्रय काढून घेण्याची वाट लोकांच्या हाती असल्यामुळे तिसरीत टिकतात. आणि म्हणूनच तो नमुना शांततेच्या काळात उचलता येत नाही. वडगावचा भोंगा पहिलीत उतरतो. घरभेट दुसरीत डळमळते. सौंदाळ्याचा दंड दुसरीत पडतो. हेरवाडचा ठराव तिन्हींत बहुतांशी टिकतो. महापालिकांची मांसबंदी पहिलीत तांत्रिकदृष्ट्या निसटते, पण तिसरीत सपशेल नापास होते. ‘आडवी बाटली’ सर्वांत समाधानकारक ठरते, आणि ती योगायोगाने सर्वांत कायदेशीरही आहे.

दुसऱ्या कसोटीवर एक आक्षेप संभवतो. गावाची नजर ही सत्ता नव्हे, ती समाज आहे. तिचा दोष पंचायतीला कसा द्यावा? उत्तर असे की महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो याच अनुभवातून. ज्या प्रदेशात वाळीत टाकणे ही शिक्षा पिढ्यान् पिढ्या दिली गेली, तेथे पंचायतीने केलेला ठराव आणि गावाची नजर एकमेकांपासून वेगळी काढता येत नाही. ठराव नजरेला अधिकृतपणा देतो, आणि नजर ठरावाला धार देते.

८. समारोप

भोंग्याचा विषय निघाला म्हणून एका वेगळ्या भोंग्याची आठवण करून देणे अवश्य आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढताना नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. पूर येतो तेव्हा सत्तेने दार ठोठावावे, घर सोडण्यास सांगावे, प्रसंगी हात धरून बाहेर काढावे. येथे खाजगी निवडीचा आक्षेप कोणी घेणार नाही. वेळेवर वाजलेला भोंगा, पुरेशा नावा, नदीच्या पूररेषेत बांधकाम करणाऱ्यास ठाम नकार, ही स्थानिक सत्तेची निर्विवाद कामे आहेत. ती अवघड आहेत, खर्चिक आहेत, आणि त्यांत बलिष्ठांचा रोष पत्करावा लागतो. ताटाविषयीचा आदेश एका सहीने निघतो. अवघड कर्तव्यात मागे राहिलेली सत्ता सोप्या अधिकारात पुढे सरसावते, ही प्रवृत्ती आपल्या अभ्यासकांनी नोंदविली पाहिजे.

या विषयाचे बरेच संशोधन अजून व्हावयाचे आहे, आणि ते ग्रंथालयात बसून होणारे नाही. सातारा व सांगली जिल्ह्यांतील ग्रामसभांच्या व नगरपरिषदांच्या ठराववह्या हे त्याचे प्रमुख साधन होय. त्यांतील आचारविषयक ठराव वेचावेत. ते कोणत्या कलमाखाली केले, महिला सभेत आधी मांडले की नाही, पुढे कधी मागे घेतले काय, हे पाहावे. परंतु ठराववहीत एक माहिती कधीच सापडणार नाही : ज्या एका घराने नियम मानला नाही, त्याचे पुढे काय झाले. त्या घरी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः जावे, आणि तेथील स्त्रीपुरुषांशी स्वतंत्रपणे बोलावे. एखाद्या ठरावाची योग्यता ठरविण्यास त्या घराची साक्ष उरलेल्या गावाच्या समाधानाहून अधिक उपयोगी पडेल.